प्रमाण घड्याळ

बायकोचा रक्तदाब हिरवा राहिला तर आपल्या पदरात काय काय पडेल, याचा हिशेब घड्याळजींनी दुकानातल्या उंच स्टुलावर बसून, डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच करून टाकला होता. एक, दुकान वाचेल. दोन, जेवणात मीठ परत येईल. तीन, दवाखान्यातून येणारा तो गोड आवाजातला फोन बंद होईल. चौथा फायदा ते स्वतःशीसुद्धा हळूच बोलत: लेकीसमोर आपलं म्हणणं जन्मात एकदा तरी खरं ठरेल. बायको बरी राहील हा पाचवा फायदा होता, पण तो त्यांनी धरलाच नाही. ती बरी झाली हे त्यांच्या लेखी ठरून गेलेलं होतं. घड्याळ एकदा दुरुस्त होऊन खुंटीवर गेलं की त्याच्याकडे परत कोण बघतं?

घड्याळजींची बायको शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीत तिला मास्तरीणबाईच म्हणत, आणि मनातल्या मनात घड्याळजीही तेच म्हणत. दोन वर्षांपूर्वी मास्तरीणबाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधं शिरेतून गेली, केस गेले, केस आले, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, गेला. तो वादळासारखा आला आणि गेला. साखर आणि रक्तदाब मात्र त्याच्या आधीपासूनचे भाडेकरू. भाडं देत नाहीत आणि घरही सोडत नाहीत. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं, आता साखरेच्या डॉक्टरांकडे जा." साखरेचे डॉक्टर म्हणाले, "तुमची केस नाजूक, आधी कॅन्सरवाल्यांना विचारून या." मास्तरीणबाई या दारातून त्या दारात फिरल्या आणि शेवटी म्हणाल्या, "दोन देशांच्या मधे एक पट्टा असतो, कुणाच्याच नकाशात नसलेला. मी तिथे राहते."

तेव्हा दवाखान्याने ॲप काढलं.

ॲपमध्ये एक गोल चेहरा होता. सकाळी उठल्यावर त्याला साखर सांगायची, रक्तदाब सांगायचा, झोप कशी लागली, मन कसं आहे, गोळ्या घेतल्या का, हे सगळं सांगायचं. आकडे मनासारखे असले की चेहरा हिरवा होऊन हसे. थोडं इकडेतिकडे झालं की पिवळा होऊन तोंड वाकडं करी. जास्त झालं की लाल. आणि सांगायला विसरलं तर जेवायच्या वेळेला घंटा वाजवून विचारी, "आज तुम्ही मला विसरलात का?"

"हा जावई आहे," मास्तरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी निदान केलं. "सकाळी उठून याची विचारपूस करा. याला काय आवडेल ते जेवा. रुसला की अख्खं घर याच्या पायाशी. आणि स्वतः काडी उचलायची नाही."

त्यांचा खरा जावई बिचारा गरीब होता, आला की भांडीसुद्धा घासायचा. त्यामुळे जावईबापू हे पद घरात रिकामंच होतं. ते ॲपला मिळालं.

औषधांनी मास्तरीणबाईंच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. फोनवर एक अक्षर दाबायला जावं तर दोन उमटत. म्हणून जावईबापूंची सरबराई घड्याळजींकडे आली. दवाखान्याने रक्तदाबाचं यंत्रही दिलं होतं. ते फोनशी आपणहून बोलतं असं सांगण्यात आलं होतं, पण घड्याळजींचा फोन इतका जुना की तो कुणाशीच बोलत नसे. तेव्हा यंत्रात आकडा बघायचा आणि बोटाने फोनमध्ये भरायचा. ऑपरेशन डाव्या बाजूचं, म्हणून डाव्या हाताला पट्टा लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. उजवा हात एवढाच काय तो मास्तरीणबाईंकडे उरला होता, आणि त्यालाही आता दिवसातून दोनदा करकचून आवळून घ्यावं लागे.

पहिल्याच महिन्यात चेहरा दोनदा लाल झाला. लाल झाला की तो एकटा होत नसे. ॲपमध्ये कुटुंबीयांसाठी एक खिडकी होती, आणि त्या खिडकीत लेक बसलेली होती.

लेक बँकेत अधिकारी. दहाव्या मजल्यावर राहते, समोर मोठं इस्पितळ, इमारतीला दोन लिफ्ट. दुसरा लाल झाला त्या संध्याकाळी ती येऊन उभी राहिली. दुकान खाली, घर वर, मधे उभा लाकडी जिना. जिना चढून आली तीच बोलत.

"बाबा, आई दिवसभर वर एकटी असते. तुम्ही खाली भिंग लावून बसता. तिला चक्कर आली तर कळणार कधी? तुम्ही चहाला वर याल तेव्हा?"

"मी हाक मारतो मधून मधून."

"तुम्ही हाक मारता, ती 'काय' म्हणते, तुम्ही म्हणता 'काही नाही'. ही तपासणी झाली?"

"चाळीस वर्षं अशीच चाललीये."

"आता नाही चालणार. आणखी एक लाल झाला, की दोघांनी माझ्याकडे यायचं. दुकानाला कुलूप."

घड्याळजींनी बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचं दहाव्या मजल्याशी काही भांडण नव्हतं, पण तिथे गेल्यावर नवरा दिवसभर समोर बसणार, हे तिला भूगोलासारखं स्पष्ट दिसत होतं. चाळीस वर्षांचा संसार टिकला होता तो मधल्या जिन्यामुळे.

दुकान म्हणजे तरी काय होतं? दोन माणसं बसतील एवढी जागा. भिंतीवर कुणाकुणाची घड्याळं, काही दुरुस्त होऊन नेण्याची वाट बघणारी, काही मालक मेले म्हणून कायमची राहिलेली. आणि या सगळ्यांच्या मधोमध, घड्याळजींच्या वडिलांच्या वेळचं, माणसाएवढं उंच, लंबकाचं प्रमाण घड्याळ. दुकानातलं प्रत्येक घड्याळ दुरुस्त झालं की त्याच्यावरून लावायचं. पुढे पळणाऱ्याला मागे खेचायचं, मागे पडणाऱ्याला पुढे ढकलायचं. प्रमाण घड्याळाला कुणी काही विचारायचं नाही. एखादं गिऱ्हाईक वेळेवरून वाद घालायला लागलं तर घड्याळजींचं ठेवणीतलं वाक्य ठरलेलं होतं: "एक घड्याळ सांगतं ते मत. दोन सांगतात ते भांडण. तीन सांगतात ती वेळ."

हा माणूस बायकोच्या रक्तदाबाकडे कोणत्या नजरेने बघणार, हे आता वेगळं सांगायला नको.

लेक गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी ते यंत्र खाली दुकानात नेलं. उलटसुलट केलं, कानाला लावलं. आत चाक नाही, स्प्रिंग नाही, उघडायला स्क्रूसुद्धा नाही. असल्या वस्तूवर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता. मग त्यांनी धंद्याला धरून केलं. यंत्र बरोबर आहे की नाही हे बघायचं तर ज्याची वेळ पक्की माहीत आहे अशा कशाला तरी ते लावून बघायला हवं. आणि पक्क्या तब्येतीचं माणूस शोधायला त्यांना दुकानाबाहेर जावं लागणार नव्हतं. सत्तरी जवळ आली तरी त्यांनी कधी डॉक्टरचं तोंड बघितलं नव्हतं. बायकोच्या आजारपणात शंभरदा दवाखान्यात गेले, पण बाकावर बसायला. "माझं शरीर म्हणजे घोडा," असं ते म्हणत, आणि घोड्यालाही पशुवैद्य लागतो हे मास्तरीणबाई सांगत तेव्हा ऐकू न आल्यासारखं करत.

त्यांनी बाही वर केली आणि पट्टा बांधला. यंत्र गुरगुरलं, फुगलं, मग त्याने दम सोडला आणि आकडा दाखवला: एकशे सत्तर.

दुसरा कुणी असता तर त्याला घाम फुटला असता. घड्याळजींना हायसं वाटलं.

"सापडलं," ते वर जाऊन म्हणाले. "यंत्र पुढे पळतंय. पन्नासने."

"कशावरून?"

"माझ्यावरून. निरोगी माणसाचा एकशेवीस असतो हे शेंबडं पोरही सांगेल. माझा एकशे सत्तर दाखवतंय."

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. "अहो, एका पोराच्या पेपरावरून अख्ख्या वर्गाचे गुण ठरवतात का?"

"ते पोर पहिल्या नंबराचं असेल तर ठरवतात."

"मग दवाखान्यात जाऊन यंत्र बदलून आणा."

"आणि त्या रांगेत उभा राहू? पुढे पळणारं घड्याळ लोक फेकून देतात का? पुढे किती आहे ते कळलं की झालं. तेवढी मिनिटं मनातून वजा करायची."

मास्तरीणबाई हुशार होत्या, पण थकल्याही होत्या. चेहरा पिवळा झाला तरी फोनवाली सिस्टर फोन करायची. "काकू, आज आपण काय खाल्लं? काकू, आपण रागावलो का कुणावर?" या 'आपण'चा त्यांना मनापासून वीट आला होता. चाळीस पोरांच्या वर्गाला त्या स्वतः असंच 'आपण' म्हणत, त्यामुळे त्यातली मेख त्यांना चांगली ठाऊक होती. फोन बंद होणार असतील तर वजाबाकी नवऱ्याच्या भरवशावर सोडायला त्या तयार झाल्या. इथे त्यांचंही चुकलं. पण ते पुढे.

त्या दिवसापासून घड्याळजी बायकोच्या हाताला पट्टा बांधत, आकडा बघत, त्यातून पन्नास काढून घेत आणि उरलेलं जावईबापूंच्या ताटात वाढत. एकशे पन्नासचे शंभर झाले. चेहरा हिरवागार झाला आणि असा हसला की घड्याळजींनाच जरा संकोच वाटला.

आता फायदे एकेक करून जमा व्हायला लागले. लेकीचा फोन आला: "बाबा, छान चाललंय हं." हे वाक्य घड्याळजींनी त्या दिवशी तीन गिऱ्हाइकांना सांगितलं. वर स्वयंपाक अजून अळणीच होता, पण हिरव्या रंगाने माणसाला धीर येतो. त्यांनी खारे शेंगदाणे आणून दुकानात स्प्रिंगांच्या डब्यात लपवले. डब्यात हात घातला की गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा केवढा कामात आहे.

त्यांची कीर्तीही पसरली. दवाखान्यात त्यांच्या ओळखीचा एक फोटोवाला होता. घशाच्या कॅन्सरमधून उठलेला, आवाज फाटक्या पडद्यासारखा, आणि वर साखर. त्याचा जावईबापू रोज चालायला सांगे, खिशातल्या फोनच्या हलण्यावरून पावलं मोजी आणि चाललं नाही की लाल होई. फोटोवाल्याला स्टुडिओतल्या खुर्चीवरून उठायचा कंटाळा. तो घड्याळजींकडे येऊन खरखरला, "काहीतरी करा राव. माझी बायको माझ्याकडे बघत नाही, फोनकडे बघून मला शिव्या देते."

घड्याळजींनी त्याचा फोन घेतला, रुमालात गुंडाळला आणि भिंतीवरच्या एका बेवारस घड्याळाच्या लंबकाला बांधला. फोन टकटक चालायला लागला. फोटोवाला बाकावर बसून चहा पीत आपल्या चालण्याकडे कौतुकाने बघत राहिला.

"दमत नाही हो," तो म्हणाला.

"किल्ली दिलीये," घड्याळजी म्हणाले.

असे दिवस मजेत चालले असताना फोनवाली सिस्टर पुन्हा बोलली, पण या वेळी आवाजात काळजीऐवजी कौतुक होतं. "काका, काकूंचा रक्तदाब इतका छान उतरलाय की डॉक्टरीणबाई म्हणताहेत आता उलट कमी पडेल. गोळी अर्धी करा."

गोळी अर्धी झाली. घड्याळजींच्या दृष्टीने हा विजय होता. घरात औषध अर्धं होणं म्हणजे आजार अर्धा होणं, असं त्यांनी धरलं.

मग यंत्र आणखी पळायला लागलं. मास्तरीणबाईंच्या हाताला लावलं की एकशे साठ, मग एकशे सत्तर. घड्याळजींनी धंद्याचा नियम पाळला: शंका आली की पुन्हा प्रमाणाशी ताडून बघायचं. आपल्या हाताला लावलं. एकशे ऐंशी. शेंगदाण्यांचा डबा दोनदा भरून झाला होता, पण त्याचा आणि याचा काही संबंध असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "यंत्र आता साठने पुढे गेलं. बिघडत चाललंय." आणि त्या दिवसापासून पन्नासऐवजी साठ वजा व्हायला लागले. चेहरा हिरवाच राहिला.

मास्तरीणबाई मात्र डोकं धरून बसायला लागल्या. सकाळी उठलं की कपाळामागे कुणीतरी पाटा-वरवंटा घेऊन बसल्यासारखं. पुस्तकातल्या ओळी हलायच्या. "चष्म्याचा नंबर वाढला असेल," त्या म्हणाल्या. घड्याळजी म्हणाले, "आकडे तर इतके सुरेख आहेत. चष्माच असणार." जिना उतरताना त्या एकदा मधेच थांबून कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खालून घड्याळजींनी हाक मारली, "काय?" त्या म्हणाल्या, "काही नाही."

याच सुमाराला दवाखान्याने सहचर मेळावा भरवला. रुग्णाच्या सोबतीला जो राहतो तो सहचर. ज्याच्या रुग्णाचा चेहरा सर्वांत जास्त हिरवा, तो आदर्श सहचर. पाकीट आलं. आदर्श सहचर, घड्याळजी.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत मास्तरीणबाई, शेजारी फोन उभा धरून लेक. मोठे साहेब बोलायला उभे राहिले. दवाखान्याचे ते सगळ्यांत वरचे, रुग्णाला त्यांनी हात लावल्याला बरीच वर्षं झालेली. पडद्यावर हिरवा रंग पसरला होता. "आमच्या बहुतेक रुग्णांचे आकडे उत्तम आहेत," ते म्हणाले. "हे ॲपचं यश आहे." मग बक्षिसं सुरू झाली. सर्वाधिक चालणारा रुग्ण म्हणून फोटोवाल्याला बोलावलं. व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना त्याला धाप लागली आणि दोन स्वयंसेवकांनी काखेत हात घालून त्याला वर घेतलं. टाळ्या पडल्या. जिद्दीचं कौतुक झालं.

घड्याळजींना बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. प्लास्टिकचं, मधे दवाखान्याचं चिन्ह. त्यांनी सवयीने कानाला लावलं आणि त्यांच्या लक्षात आलं, मागे पडतंय.

"आणि आता," फोनवाली सिस्टर माइकवर म्हणाली, "आदर्श सहचर आपल्याला रक्तदाब कसा मोजायचा ते दाखवतील. काका, आपण खुर्चीत बसा. पाय जमिनीवर, हात टेबलावर, बोलायचं नाही. आज मी मोजते, उद्या तुम्ही काकूंचा मोजा."

पट्टा फुगला. आकडा मागच्या पडद्यावर माणसाएवढा मोठा उमटला. एकशे शहाऐंशी.

सभागृहात कुजबुज झाली. सिस्टर हसली. "काका स्टेजला घाबरले."

"यंत्र पुढे आहे," घड्याळजी म्हणाले.

"नवीन आहे काका, आजच खोक्यातून काढलंय." तिने दुसरं काढलं. आकडा जवळजवळ तोच.

"हेही पुढे आहे," घड्याळजी म्हणाले, पण आवाज पहिल्याइतका ठाम नव्हता.

तेव्हा डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्या. त्या जुन्या वळणाच्या होत्या, त्यांच्या पिशवीत पाऱ्याच्या नळीचं यंत्र असे. त्यांनी पट्टा बांधला, कानात नळ्या घातल्या, पारा वर चढवला आणि हळूहळू खाली येऊ दिला. त्यांनी कानातल्या नळ्या काढल्या आणि फक्त घड्याळजींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काका, एकशे नव्वद. कधीपासून आहे हे?"

एक सांगतं ते मत. दोन सांगतात ते भांडण. तीन सांगतात ती वेळ.

घड्याळजींना घाम फुटला, तो स्वतःच्या एकशे नव्वदचा नव्हता. त्यांच्या डोक्यात चाकाला चाक लागून सगळा गाडा उलटा फिरायला लागला. यंत्र कधीच पुढे नव्हतं. प्रमाण घड्याळ पुढे होतं. म्हणजे जे पन्नास काढले ते बायकोचे खरे होते. जे साठ काढले तेही खरे. शंभर लिहिले तेव्हा दीडशे होते, गोळी अर्धी झाली ती दीडशेवर, आणि आज सकाळी आपण हसऱ्या चेहऱ्याला जे एकशेवीस वाढले ते... समोर पहिल्या रांगेत मास्तरीणबाई दोन बोटांनी कपाळ दाबत बसल्या होत्या.

गप्प बसायला वाव होता. सिस्टरने वाट करून दिलीच होती: काका घाबरले. हसायचं, घड्याळ बगलेत मारायचं, घरी जाऊन गोळी गुपचूप पूर्ण करायची. चेहरा हिरवा राहिला असता, दुकान राहिलं असतं. लेकीचा फोन त्यांच्यावर रोखलेला होता. हिशेबाला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांनी घेतला. त्यांच्या धंद्यात तो फार नसतो.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, आणि माइक चालू होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही, "माझं राहू द्या. आधी हिचं मोजा. या पाऱ्याच्या नळीने. उजव्या हाताला."

"काकूंचे आकडे तर—"

"ते माझे आहेत. मी रोज वजा करत होतो. पन्नास, मग साठ. मला वाटलं यंत्र पळतंय. मी स्वतःवरून लावलं."

सभागृहाला काही कळलं नाही. मागून फोटोवाला खरखरत हसला, मग एकदम थांबला आणि त्याने आपल्या खिशातल्या फोनवर हात ठेवला.

डॉक्टरीणबाई खाली उतरल्या. मास्तरीणबाईंनी स्वतःच बाही वर केली. पारा चढला, उतरला. डॉक्टरीणबाईंनी एकदा परत मोजलं.

"किती?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"दोनशेला टेकलाय. काकू, घरी नाही जायचं. वर वॉर्डात चला."

मास्तरीणबाईंनी व्यासपीठाकडे पाहिलं. तिथे घड्याळजी बाही वर केलेलीच ठेवून उभे होते. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "चष्म्याचा नंबर वाढला नव्हता तर." एवढंच. रागावल्या असत्या तर घड्याळजींना बरं वाटलं असतं.

मोठ्या साहेबांनी कुणाच्या तरी कानात सांगितलं, "आजचे दोन आकडे अहवालात घेऊ नका." प्रमाणपत्र छापून झालं होतं म्हणून ते दिलं गेलं.

वॉर्डात दोन खाटा शेजारीशेजारी मिळाल्या. एका खाटेवर रुग्ण, दुसऱ्यावर आदर्श सहचर. लेक दोन्हींच्या मधे स्टुलावर बसली. ती ओरडेल म्हणून घड्याळजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. ती ओरडली नाही. तिने तळहात पुढे केला.

"बाबा, किल्ली."

त्यांनी उशाखालून दुकानाची किल्ली काढून दिली.

दहाव्या मजल्यावरचे दिवस दोघांनी काढले. मास्तरीणबाईंची गोळी पूर्ण झाली, वर आणखी एक लागली. डोक्यातला पाटा-वरवंटा हळूहळू थांबला. घड्याळजींना जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावाची गोळी मिळाली, आणि तिच्याबरोबर स्वतःच्या नावाचा गोल चेहरा. तिकडे बंद दुकानात एकेका घड्याळाची किल्ली उतरत गेली. प्रमाण घड्याळही थांबलं. गिऱ्हाइकं दाराला कुलूप बघून दुसरीकडे गेली. काही परत आली, काही नाही.

शेवटी मास्तरीणबाईंनीच लेकीशी तोडपाणी केलं. "यांना इथे ठेवलंस तर तुझा रक्तदाब वाढेल," त्या म्हणाल्या. "घरी जाऊ दे आम्हाला. दुकान दुपारपर्यंत. दुपारनंतर वर, माझ्यासमोर. आणि जावईबापूंचं मी बघते."

"आई, तुझी बोटं."

"एकेक अक्षर लिहीन. मला कुठे गाडी पकडायचीये?"

आता सकाळी मास्तरीणबाई आधी स्वतःच्या हाताला पट्टा बांधतात, मग नवऱ्याच्या. बधिर बोटाने एक आकडा दाबला की दोन उमटतात, एक पुसायचा, पुन्हा दाबायचा. घड्याळजी मदतीला हात पुढे करतात तेव्हा त्या म्हणतात, "तो मोजायला ठेवा, लिहायला नको." चेहरे कधी हिरवे असतात, कधी पिवळे. आले तसे भरले जातात.

बक्षिसाचं घड्याळ स्वयंपाकघरात लावलंय. मागेच पडतं. घड्याळजींनी ते दुरुस्त करतो म्हटलं तर बायको म्हणाली, हात लावू नका.

तेव्हा झाल्या प्रकाराचा जमाखर्च असा. ॲपचं काही गेलं नाही. त्या घरात एक जावई होता, आता दोन झाले. दवाखान्याने सूचनांच्या पानावर एक ओळ वाढवली, आकड्यांत स्वतःहून वजाबाकी करू नये, आणि पुढच्या मेळाव्याची तारीख लावली. फोटोवाल्याने फोन लंबकाला बांधणं सोडलं, तीन दिवस स्वतः चालला, आणि मग कुत्रा पाळला. लेकीची वर्षभराची रजा संपली. घड्याळजींचं अर्धं दुकान गेलं, सगळं मीठ गेलं, आणि 'माझं शरीर घोडा' हे वाक्य गेलं. पण हे सगळं म्हणजे व्याज. मुद्दल त्यांनी भरलंच नव्हतं. पन्नास त्यांनी वजा केले, साठ त्यांनी वजा केले, आणि वजा केलेलं कुठेतरी जमा व्हावंच लागतं. ते सगळंच्या सगळं मास्तरीणबाईंच्या कपाळामागे जमा होत होतं.